शीव नसलेलं यान

३ फेब्रुवारी, सोमवार
पुणतांब्याला आले. काम झकास हाय. शुक्रवारपर्यंत सावलीत बसून स्वयंपाक, ऊसतोडीपेक्षा लई बरं. दुधाचे दोन भंगार टँकर एकाला एक जोडलेत, आतून चंदेरी कागद डकवलाय. ह्यालाच सिनेमातलं यान म्हणायचं. डायरेक्टर अनिमेष पुण्याचा. पैसा कमी, म्हणून समद्यांना आतच कोंडून सिनेमा काढणार. भीती खरी दिसती म्हणे. मी रोज वहीत लिहायचं, ते जाहिरातीला. मी चौथी शिकलेली, तरी म्हणाला, मावशी, तुमचंच भारी वाटंल. वरचं झाकण मच्छिंद्र वेल्डरनं बाहेरून लावलं, शुक्रवारीच उघडणार. हवेला एक जाळी ठेवली.

४ फेब्रुवारी
असल्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत न्हाई. हिरो कानिफनाथ विचारतो, मावशी, ही भाकरी का यानाचा पत्रा. म्हणले, चंद्रावर जाऊन जेव. हिरॉईन मनवाला ताप भरलाय. अनिमेष म्हणतो, सीनला शोभतंय, झाकण उघडायचं न्हाई. डोकं फिरलं माझं.

५ फेब्रुवारी
मनवा बरळाय लागली. मोबाईल समदे बाहेर. शेवटी मीच भाकरतुकडा तिच्यावरून उतरवला. उतारा गावाच्या शिवेबाहेर टाकायचा, मागं न बघता. इथं शीव कुठली? मागच्या टाकीत ठेवून आले. तिचा ताप उतरला. अनिमेष म्हणाला, मावशी, पुढच्या सिनेमात डॉक्टर व्हा.

६ फेब्रुवारी
उतारा जाग्यावर न्हाई. मागच्या टाकीत कोण तरी भाकरी चावतंय. सावकाश. कानिफनाथ हसत बघाय गेला. आला तर अंग नुसती भट्टी. बाहेर टाकायचं ते मी आत ठेवलं. उतारा घेणारं पण आत आलं.
अनिमेष झाकण बडवतोय. जाळीतून मच्छिंद्र म्हणतो, साहेब, तुमीच सांगितलं हुतं, किती पण बोंबललात तरी उघडू नको. वर म्हणतो, ॲक्टिंग एक नंबर.

७ फेब्रुवारी
आता चावत न्हाई. माझ्या मागं चालतं. मी थांबले की थांबतं. बाकीच्यांच्या मागं न्हाई — ठेवणारी मी —

झाकण उघडलं. ऊन आलं. मनवा बाहेर पडली. कानिफनाथला वर ओढला. अनिमेष हात देतोय, मावशी चला.
मी वर गेले की ते पण वर —
म्हणले, मी न्हाई येत, लाव झाकण. मला येडी म्हणतेत.
वर माझी लेक ज्योती. न्यायला आलीय, कडंवर बाळ. विचारती, आई, रुसलीस का.
माझ्या मानंवर त्याचा श्वास —
बाळ मच्छिंद्राकडं दिलं तिनं. शिडीवर पाय — ज्योते, मागं फिर — अगं उतरू न