कुठल्याही मशीनवर चालेल असा

मी, द्रौपदी हरिचंद्र रोकडे, वय एक्कावन्न, अविवाहित, राहणार अंबरनाथ पूर्व, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या शस्त्रक्रियेला जात आहे. डोके ठिकाणावर आहे, कुणाचा दबाव नाही. म्हणून माझ्यामागची व्यवस्था स्वखुशीने लिहून ठेवते. यापूर्वी असा कागद केलेला नाही.

१. राहती खोली धाकटी बहीण गंगू हिला मिळावी. विकावी की राहावे, हे तिनेच ठरवावे. भावकीने सल्ला देऊ नये.

२. शेजारी बाळाजी यांनी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. मागून मागून मी थकले.

३. संगणक, फ्लॉप्या व युनिक्सची पुस्तके भाऊ सुदाम यास. कारण लिहिणे भाग आहे, कारण आमचा अबोला सर्वांना ठाऊक होता.

विठ्ठलवाडीत आम्ही दोघांनी बदलापूरच्या एका प्रसूतिगृहासाठी रक्तदात्यांची नोंद ठेवणारा प्रोग्राम लिहिला. तेथील संगणकावर झेनिक्स ही युनिक्सचीच एक जात होती. माझा हट्ट, तो दुसऱ्या कुठल्याही युनिक्सवर चालावा. सुदाम म्हणाला, "ताई, गिऱ्हाईकाकडे एकच मशीन. बाकीच्यांसाठी कशाला मरायचं?" पडद्यावर नोंदी दाखवणारा भाग त्याने झेनिक्सपुरताच लिहिला. शब्दाला शब्द वाढला आणि तो वांगणीला निघून गेला.

१९९३ च्या ऑगस्टमध्ये ते मशीन जळाले. त्याच दुपारी एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवे होते. नोंदी फ्लॉपीवर होत्या, पण प्रोग्रामशिवाय वाचता येत नव्हत्या. जवळचा संगणक एका क्लासमधला, त्यावर मिनिक्स, म्हणजे युनिक्सचीच दुसरी जात. माझा भाग चढला, सुदामचा अडला. पडद्यावर नुसती अक्षरांची खिचडी. मी त्याला फोन लावला. आल्या आल्या म्हणाला, "सरक गं ताई, ही माझी घाण आहे, मीच काढतो."

त्याने आपला भाग उपटून साधा लिहिला. नावे दिसू लागली. त्यांतला बारवी धरणाकडचा किसन मोटारसायकलवर आला, त्याने रक्त दिले. बाई वाचली, मुलगी झाली. सुदाम मला म्हणाला, "उरलेल्या सिस्टिमवर पण चढवून बघू का?" तेव्हापासून आम्ही पुन्हा एकत्र काम करतो.

४. हा प्रोग्राम कुणा एकाच्या नावे करत नाही. मागेल त्या दवाखान्याला आम्ही लिहिलेल्या मूळ कोडसह फुकट द्यावा. अट एकच: बदल करणाऱ्याने तो दुसऱ्याच्या मशीनवरही चालेल असा करावा.

५. शस्त्रक्रियेतून परतले, तर हा कागद मी स्वतः फाडणार आहे. तोवर सुदामने प्रोग्राम लिनक्स या नव्या सिस्टिमवर चढवण्याचे काम माझ्याविना सुरू करू नये.

सही: द्रौपदी ह. रोकडे

बाईंनी हे आम्हा दोघांसमोर वाचून सही केली, व आम्ही त्यांच्यासमोर:
कमळाकर दिनानाथ साळवे (सही)
पुतळाबाई सोमा भोईर (सही)

अंबरनाथ, ९ मार्च १९९७