बुंध्याकडची बाजू

दि. ९, मंगळवार

प्रिय ताई,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. मी बरा आहे. आईचा गुडघा कसा आहे? तुझ्या ठमीला म्हणावं, मामा इथे रोज हरणं बघतो, पण ती मामाला विचारत नाहीत.

काम तळ्याकाठच्या रानात आहे. रान बघायला येणाऱ्या लोकांसाठी सगळी लाकडाची इमारत. नकाशा काढणाऱ्या बाईच सगळं काम बघतात, कडक आहेत. एकही झाड तोडू देत नाहीत, जमिनीत सिमेंट ओतू देत नाहीत. उद्या इमारत उचलली तर खाली गवत उगवलं पाहिजे म्हणतात. आमचा मिस्त्री म्हणतो, मग बांधताच कशाला? पण त्यांच्यासमोर नाही म्हणत.

तू दोन्ही पत्रांत एकच विचारलंस, बाबा गेले तेव्हा का आलो नाही. सुट्टी दिली नाही, असं मी फोनवर म्हणालो होतो.

तुझा फोन आला तेव्हा मी खांबांवर खुणा करत होतो. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा करायचा, बुंधा खाली, हे बाबांनीच शिकवलेलं. तासून चौकोनी केला की दोन्ही टोकं सारखी दिसतात, म्हणून बुंध्याकडे आधी लाल खूण करायची. फोन खिशात ठेवला आणि राहिलेल्या खुणा केल्या. मग जेवलो. झोपही लागली.

काल छप्पर चढवायच्या आधी मिस्त्रीने लाकडातल्या फांद्यांच्या गाठींचा कल बघून ओळखलं. चार खांब उलटे. सगळ्यांसमोर म्हणाला, "सुताराचा मुलगा ना रे तू? डोकं कुठे होतं?"

"बाबा गेल्याचा फोन आला होता."

"मग तू इथे काय करत होतास?"

बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे दहा दिवसांची सुट्टी लिहून दिली. दोन मिनिटं लागली. ताई, तेव्हाही दिली असती. मी मागितलीच नव्हती. इथे राहिलं की बाबा घरी आहेत असं धरून चालता येत होतं.

अजून रडू आलेलं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे आल्यावर माझ्या तोंडाकडे बघत बसू नका.

खांब फिरवून शुक्रवारी निघतो, शनिवारी दुपारी पोचेन. सुट्टीचं खरं आईला मीच सांगेन. तिने दार लावून घेतलं तर पायरीवर बसेन. परत फिरणार नाही.

तुझा खोटं बोललेला,
धाकटा