माझा जांभळा मका

१८ नोव्हेंबर
आजपासून मी शास्त्रशुद्ध शेतकरी. आसगावात पहिलाच. चंदाला, म्हणजे बायकोला, माहेरून मिळालेलं वावर यंदा मी करणार. तिचा भाऊ भोजराज मागत होता. चंदा त्याला म्हणाली, एक सीजन यायले करू दे. याला म्हणतात विश्वास.

२१ नोव्हेंबर
मातीचा रिपोर्ट आला. पीएच ८.४. चुना भरपूर, उपलब्ध स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी. कृषी सहायक रिता मॅडम म्हणाल्या, अशा जमिनीत चुना स्फुरदाला बांधून ठेवतो, मुळांना मिळू देत नाही. खत फेकू नका, शेणखतासोबत बियाण्याजवळ ओळीत द्या. मी मान हलवली. पण चुना बांधून बांधून किती बांधेल? डबल डोस.

२४ नोव्हेंबर, सकाळ
मका पेरला. खत वावरभर उधळलं, लग्नात अक्षता टाकतात तसं. फोटो स्टेटसला. शेणखत कॅन्सल. पँट नवी होती.

२० डिसेंबर
बांधापलीकडे भोजराजचा मका जोरात. आपला खुजा, पानं जांभळी. आधी दचकलो. मग लक्षात आलं, ही क्वालिटीच वेगळी! शहरात असल्या मालाला डिमांड असते. चंदा म्हणाली, मॅडमले दाखवा ना. म्हटलं, सरप्राइज राहू दे.

२ जानेवारी
चुलीची राख टाकली. व्हिडिओत होतं. नंतर चंदाने तो पूर्ण पाहिला. शेवटी म्हणे सांगितलंय, हे आंबट मातीसाठी, चुनखडीच्या जमिनीत नको. इतका लांब व्हिडिओ कोण पाहतं?

३० जानेवारी
रिता मॅडम वावरावरून गेल्या. संध्याकाळी त्यांचा फोन! मेळाव्याला या, मक्याची दोन-चार झाडं मुळासकट आणा. सत्कार पक्का. भोजराजला मुद्दाम सांगितलं. चंदाने शर्टाला इस्त्री केली. गुणगुणत होती.

२ फेब्रुवारी
स्टेजवर बोलावलं. झाडं धरून उभा राहिलो. मॅडम माइकवर म्हणाल्या, खत भरपूर घालूनही पिकाला स्फुरद मिळाला नाही, तर काय होतं ते पाहा. सगळ्यांनी पाहिलं. मोबाइलमध्ये फोटोही काढले. मी हसत राहिलो. चंदा पहिल्या रांगेत, तोंडाला पदर. वाटलं, हसते आहे. खाली उतरलो तर डोळे ओले.

३ फेब्रुवारी
मका वैरणीला कापला. भोजराज बैल घेऊन आला. चंदाने पुढच्या हंगामाला वावर त्याला दिलं. मला विचारलं नाही. मी भोजराजला म्हटलं, मार्गदर्शन माझ्याकडून फुकट.
तो म्हणाला, नोको भाऊजी. बैलं खाऊन राहिले, तेवढं बस झालं.