मनू, झोक्याचा दोर अजून माळ्यावरच आहे

प्रिय मनू,

उद्या अक्षय्य तृतीया, आपली आखाजी. सकाळपासून गल्लीतल्या पोरी दारात येऊन विचारतायत, "मामा, झोका कधी बांधणार?" तुझ्यामुळे मी सगळ्या गल्लीचाच मामा झालो! गेल्या आखाजीपासून दोर माळ्यावर आहे. त्यांना काय सांगावं कळेना, म्हणून दाराला कडी लावून तुला लिहायला बसलो.

माझी शाळा दहावीतच सुटली, तरी वह्यांवर नाव तू माझ्याकडूनच लिहून घ्यायचीस. "मामाचं शुद्ध असतं," म्हणायचीस. आठवतं?

गेल्या आखाजीला ताईबरोबर धुळ्याहून आलीस आणि पिशवीही न ठेवता निंबाखाली पळालीस. मी गाठ ओढून पाहत होतो, पुन्हा पुन्हा. स्वतः बसूनही पाहिलं.

"घाबरट मामा! दोर तुटला तर तुझ्याच अंगावर पडेन!"

मी दोराकडेच बघत राहिलो गं. तुझ्याकडे कुठे बघितलं?

झोक्यावरून उतरून तू म्हणालीस, "मामा, छातीत लई धडधडतंय." मी म्हणालो, "उंच गेलं की सगळ्यांचंच होतं." तू हसलीस, पाणी प्यायला घराकडे धावलीस आणि मध्येच पडलीस. ठेच नाही, हाक नाही.

वैशाखातली दुपार. आपल्याकडे अशा वेळी कुणी पडलं की दुसरं काही सुचतच नाही. "ऊन लागेल शे पोरले! कांदा आना रे!" तुझे नानाआजोबा ओरडले. खरं तर ऊन लागू नये म्हणून ताईने धुळ्याहून निघतानाच तुझ्या फ्रॉकच्या खिशात कांदा घातला होता. तोच फोडून तुझ्या तळव्यांना चोळायला लागले.

मी रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या बाई विचारत होत्या, "श्वास घेतेय का?" मी तुझ्या नाकाशी गाल नेला. काहीच नाही, मनू. "छातीच्या मधोमध जोरात दाबा. गाडी येईपर्यंत थांबू नका."

मी दाबायला लागलो. केवढीशी छाती तुझी!

नानांनी माझा दंड धरून ओढलं. "काय करस रे? सोड तिले! पोरन्या बरगड्या मोडी जातीन!"

फोनवरच्या बाई सांगत होत्या, थांबू नका. नाना रडत होते. मी हात उचलला.

भडगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तिथेच, तसंच दाबलं. मी दारातून बघत होतो. मग तेही थांबले. पुढे म्हणाले, ऊन नव्हतं ते. हृदयच बंद पडलं होतं. जन्मापासून काही दोष असेल. मी विचारलं, "मी दाबत राहिलो असतो तर?"

"सांगता येत नाही," म्हणाले.

हे 'सांगता येत नाही' घेऊन मी कुठे जाऊ गं? ते हो म्हणाले असते, तर स्वतःला शिव्या देत बसलो असतो. नाही म्हणाले असते, तर रडून मोकळा झालो असतो.

परवा गावातल्या शाळेत आरोग्य केंद्रातल्या सिस्टर रबरी बाहुली घेऊन आल्या होत्या. लेकराचं हृदय बंद पडलं तर काय करायचं ते शिकवायला. बाहुली तुझ्याएवढीच. मी दाबलं. बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. त्यांना सगळं माहीत आहे.

नाना मागे भिंतीला टेकून उभे होते. वर्षभर आम्ही दोघांनी तुझं नाव काढलं नव्हतं. सगळे पांगल्यावर ते पुढे आले, टोपी काढली, गुडघ्यांवर बसले.

"माले बी शिकाड."

मी त्यांचा हात बाहुलीच्या छातीवर ठेवला, वर माझा ठेवला. पण ते दाबेचनात. खाली मान घालून म्हणाले, "लागी जाई ना तिले."

बाहुली होती गं ती! आम्ही तसेच बसून राहिलो, हातावर हात ठेवून.

मनू, दोर काढतो आता. पोरी अजून ओट्यावर बसल्यात. गाठ नेहमीसारखीच ओढून पाहीन, तू हसलीस तरी. पण या वेळी बघत राहीन ते पोरींकडे. कुणी धडधडतं म्हणाली तर हसण्यावारी नेणार नाही. आणि कुणी पडलीच, तर नाना ओढोत, सारं गाव ओढो, गाडी येईपर्यंत हात उचलणार नाही. तुला शब्द देतो.

तुझाच,
घाबरट मामा