कंपनीचे बूट

थेरगाव, रविवार संध्याकाळ, फेब्रुवारी १९८३

हल्ली ज्याला त्याला मॅरेथॉनचं खूळ लागलंय. आज कंपनीनेही काढली. 'युनिफॉर्ममध्ये या' अशी नोटीस होती, म्हणून सेफ्टीचे जड बूट घालूनच आमचे हे धावले. साहेब पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत जरासं पळाले आणि जीपमध्ये बसले. ह्यांच्या टाचा सोलून निघाल्या. मी चिडले तर म्हणतात, "अगं, समद्यांदेखत साहेबांनी पाठ थोपटली की माझी!" पाठ! आणि टाचांचं काय? उद्या फर्स्ट शिफ्ट, पायात पुन्हा तेच बूट.

आत्ताच सुपरवायझर दारात येऊन गेला. "वहिनी, पळायला दिलेला बनियन कंपनीचा आहे, धुऊन पाठवा."

पाठवते. बुटातलं रक्त मात्र मी धुणार नाही. बूटही कंपनीचेच आहेत.