आईच्या गालावरचा तीळ

तीर्थरूप बाबांना,
धाकटीचा दुरूनच, पण वाकून नमस्कार.

माझी तब्येत ठणठणीत आहे. खोकला जवळजवळ गेला, काळजी करू नका. तुम्ही डोळ्यांत औषध वेळेवर घालता ना? आणि जेवण दूध-पोळीवरच भागवत नाही ना?

काल वर्गात मुलांना कॉम्प्युटरवर फोटो उलटवायला शिकवलं. एक बटण दाबलं की डावं ते उजवीकडे जातं. मला तुमची डार्करूम आठवली. निगेटिव्ह उलटी लागली की तुम्ही चिडून कागद फाडायचात आणि मी लाल दिव्यात तुकडे गोळा करायचे. आईचा तेवढा एक फोटो मात्र तसाच फ्रेममध्ये गेला, डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर घेऊन.

गेल्या पत्रासोबत त्याची प्रत पाठवून तुम्ही तो सुलट करून मागितलात, म्हणून काल धड्याला तोच घेतला. तेवढ्यात एक मुलगी स्वतःचा फोटो उलटवून म्हणाली, "मॅडम, आता मी आरशातल्यासारखी दिसते."

तेव्हा कुठे मला आईचं बोलणं उमगलं. आई म्हणायची ना, "बाकी फोटोंत दुसरीच कुणीतरी बसलीय, एवढ्या एकात मी आहे." आपण तिला हसायचो.

सुलट केलेला फोटो सोबत आहे. त्यात आई आपल्याला दिसायची तशी आहे. पण भिंतीवरचा काढू नका, बाबा. तिला रोज आरशात दिसायचा तो चेहरा तुमच्या चुकीमुळेच आपल्याकडे राहिलाय.

तुमच्या डार्करूममधली लुडबुडी