लायब्ररीतला कट

३ सप्टेंबर, सोमवार
शाळेत नवीन लायब्ररीवाल्या बाई रुजू झाल्या. मधल्या सुट्टीत स्टाफरूमभर फिरून प्रत्येकाला विचारत होत्या, शिकवताना तुम्हाला काय अवघड जातं. मला विचारल्यावर मी म्हटलं, भूगोल शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, अवघड जायचं ते पहिल्या वर्षी जाऊन झालं. त्या हसल्या. हसणं साधं वाटलं नाही.
लायब्रेरियनचं काम पुस्तकं देणं आणि परत घेणं. मास्तरांना काय अवघड जातं याची चौकशी कशाला? मोठ्या बाईंनीच, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, पेरलेल्या दिसतात. नजर ठेवायची.

५ सप्टेंबर, बुधवार
स्टाफरूममधल्या माझ्या कप्प्यात एक पुस्तक. वर्गात प्रश्न कसे विचारावेत, असा विषय. वर चिठ्ठी : सर, सहज चाळा.
सहज. माझे प्रश्न चुकतात असं यांना कुणी सांगितलं?
पुस्तक न उघडता परत केलं. म्हणजे उघडलं होतं, पण फक्त अनुक्रमणिकेपुरतं.
घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, सगळ्यांच्याच कप्प्यात काही ना काही ठेवलं असेल. मी म्हटलं, असेलच, मला संशय येऊ नये म्हणून. ही मटार सोलत राहिली. बायकांना राजकारणाची जाण नसते.

१० सप्टेंबर, सोमवार
आज लायब्ररीवाल्या बाई मोठ्या बाईंच्या केबिनमधून बाहेर पडताना दिसल्या. दार हळू लावलं. शिपाईमामांना सहज विचारलं, काय चाललं होतं आत. ते म्हणाले, लायब्ररीचा पंखा आवाज करतो म्हणून सांगायला आल्या होत्या.
पंखा. ठीक आहे.

१२ सप्टेंबर, बुधवार
गणितवाले फुटले. इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. आज शाळा सुटल्यावर निघाले लायब्ररीकडे. म्हणाले, दर बुधवारी तिथे सगळे बसणार आहेत, तुम्हीही चला. मी म्हटलं, मला कामं आहेत. घरी येऊन कामं शोधली.
गणितवाल्यांना माझे बरेच कच्चे दुवे माहीत आहेत. उदाहरणार्थ, समोच्च रेषांचा धडा मी दर वर्षी 'घरी वाचून या' असं सांगून संपवतो. त्यांनी तोंड उघडलं तर संपलंच. नसते उद्योग.

१९ सप्टेंबर, बुधवार
ठरवलं, आत शिरूनच माहिती काढायची. लायब्ररीत गेलो.
खुर्च्या गोल मांडलेल्या. गोलात बसलं की कुणाच्या मागे लपता येत नाही, हे मुद्दाम केलेलं असणार. प्रत्येकाने या आठवड्यात फसलेला एक तास सांगायचा. मग लायब्ररीवाल्या बाई त्यावर काहीतरी वाचायला शोधून देतात आणि दुसरं कुणीतरी पुढच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतं. नियम एकच : इथलं इथंच.
विज्ञानवाल्या बाई म्हणाल्या, विद्युतमंडलाच्या प्रयोगात दिवा लागलाच नाही, पोरांनी दिवा पेटल्यासारखा चेहरा करून मला सांभाळून घेतलं. सगळे हसले, त्यासुद्धा. यंदाच लागलेल्या नवीन बाईंनी तर कहर केला. नववीचा वर्ग आवरत नाही म्हणाल्या, आणि डोळे पुसले. नोकरी नवी, वर्ष पुरं व्हायचंय, आणि हे असं चारचौघांत सांगायचं? लायब्ररीवाल्या बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि म्हणाल्या, 'मी सोमवारी तुमच्या वर्गात येऊन बसते. नुसती बसते.' नुसती बसणारी माणसंच धोक्याची.
माझी पाळी आली. मी म्हटलं, माझे तास फसत नाहीत. मग गणितवाले म्हणाले, 'मग आम्हाला बघायला मिळू दे की एकदा.' गणितवाल्यांचा डाव उघड आहे. पण मागे कोण सरणार? मी म्हटलं, या.

२१ सप्टेंबर, शुक्रवार
बुधवारी सगळ्यांना दाखवायच्या आदर्श पाठाचा विषय : नदीचं कार्य. वर्ग : आठवी. एकदम फुलप्रूफ प्लॅन. प्रश्न आधीच ठरवून वर्गाला देऊन टाकले, कोणी कोणतं उत्तर द्यायचं तेही. ही फसवणूक नाही. याला पूर्वतयारी म्हणतात. आता प्रॅक्टिस घेत राहायची.
पोरं उत्साहात. त्यांना भूगोलात इतका रस कधीच नव्हता. लायब्ररीवाल्या बाईंना तोंडात बोट घालायला लावतो की नाही बघा.

२६ सप्टेंबर, बुधवार
काय लिहायचं.
पहिला प्रश्न झकास गेला. उगमाजवळ कशी दरी तयार होते? इंग्रजी व्ही अक्षरासारखी. शाब्बास. तेवढ्यात मागच्या बाकावर विज्ञानवाल्या बाई खोकल्या. नक्की मुद्दाम. माझा धागा तुटला आणि दुसऱ्याऐवजी तिसरा प्रश्न विचारला गेला. नदी समुद्राला मिळते तिथे काय तयार होतं? पहिल्या बाकावरची हुशार मुलगी ताडकन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, धबधबा. मी सवयीने शाब्बास म्हटलं.
मग थांबवता येईना. मी पुढचा प्रश्न विचारायचो, पोरं मागचं उत्तर द्यायची. पूरमैदान विचारलं तर त्रिभुज प्रदेश. नालाकृती सरोवर विचारलं तर पूरमैदान. सगळं पाठ, सगळं खणखणीत, सगळं एक घर चुकलेलं. शेवटी एकजण हात वर करून म्हणाला, 'सर, तुम्ही दुसरा प्रश्न गाळलात. परत पहिल्यापासून करू या का?'
मागे कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२७ सप्टेंबर, गुरुवार
ताप. थर्मामीटरवर दिसत नाही, आतला आहे. रजा टाकली. आता मोठ्या बाईंकडे रिपोर्ट गेला असणार. आठवी काढून घेतील. मग सातवी. मग मला नकाशे गुंडाळायला बसवतील.
ही म्हणाली, ताप असेल तर अंथरुणात पडा, नसेल तर तो माळा आवरा. मी अंथरूण निवडलं.

२९ सप्टेंबर, शनिवार
लायब्ररीवाल्या बाई आणि गणितवाले घरी आले. ताप खरा आहे का ते बघायला. मी घाईने मफलर गुंडाळला.
तासाबद्दल चकार शब्द नाही. हिने चहा केला, त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग मीच न राहवून विचारलं, मोठ्या बाई काय म्हणाल्या. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, 'कशाबद्दल?' उत्तम अभिनय.
जाताना म्हणाल्या, पुन्हा एकदा तास घेऊ या, आपण तिघं मिळून बसवू, या वेळी प्रॅक्टिस नको, आणि ज्याचं उत्तर तुम्हालाही ठाऊक नाही असा एकच प्रश्न पोरांना द्या. मी म्हटलं, विचार करतो. ही आतून म्हणाली, 'करतील ते.'
घरातही फितुरी.

१० ऑक्टोबर, बुधवार
केला. लायब्ररीवाल्या बाईंनी तासासाठी आपल्याच गावाचे नकाशे शोधून आणले होते, एक जुना, एक आत्ताचा. दोन्हींत नदीची जागा वेगळी. मी वर्गाला एवढंच विचारलं, का सरकली असेल. आणि गप्प बसलो. गप्प बसणं फार कठीण काम आहे, कोणी कौतुक करत नाही.
पोरं आधी माझ्याकडे बघत राहिली. मग एक म्हणाला, पूर आला असेल. दुसरी म्हणाली, मग पलीकडची जमीन का नाही कापली, समोच्च रेषा बघ, तिकडे चढ आहे. समोच्च रेषा. मी न शिकवलेल्या. मग जी जुंपली ती घंटा झाली तरी थांबेना. मी मागच्या बाकावर लायब्ररीवाल्या बाईंच्या शेजारी बसून ऐकत होतो. मला खरंच पुढे काय होतं ते जाणून घ्यायचं होतं.
संध्याकाळी गोलात सगळे बराच वेळ बोलत होते. नवीन बाई म्हणाल्या, सर, मी नववीला असंच करून बघते. मी म्हटलं, अवश्य, काही अडलं तर विचारा. एकंदरीत या गटाला माझ्यासारख्या अनुभवी माणसाची गरज होतीच.

१५ ऑक्टोबर, सोमवार
एक धोका लक्षात आला. या सगळ्याचं श्रेय लायब्ररीवाल्या बाई एकट्या मोठ्या बाईंकडे जाऊन घेणार. आपण आधी कानावर घातलेलं बरं.
गेलो. सांगितलं की बुधवारी लायब्ररीत शिक्षक जमतात, मी मार्गदर्शन करतो, मंडळी सुधारतायत. मोठ्या बाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, 'कुठल्या बुधवारी? मला कोणी काहीच बोललं नाही.'
म्हणजे त्यांना ठाऊकच नव्हतं. इतके दिवस.
पुरावा हवा म्हणून मी एक-दोन उदाहरणं दिली. विज्ञानवाल्या बाईंचा न पेटलेला दिवा. नवीन बाईंना नववी कशी जड जात होती, रडल्या होत्या, आता कशा सावरतायत. 'सावरतायत' यावर मी चांगला जोर दिला होता. मोठ्या बाईंनी तेवढा शब्द सोडून बाकी सगळं नीट ऐकलं.

१८ ऑक्टोबर, गुरुवार
नोटीस लागली. बुधवारची बैठक सगळ्यांना सक्तीची. हजेरी घेणार, दर महिन्याला अहवाल. खाली आणखी एक ओळ : नवीन बाईंकडची नववी काढून त्यांना पाचवी.
स्टाफरूममध्ये गेलो तर बोलणं सुरू होतं, कोणी सांगितलं असेल. मला बघून कोणी थांबलं नाही, हे विशेष. गणितवाले म्हणाले, ज्याने कोणी केलं त्याने फार वाईट केलं. मी म्हटलं, फारच. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, चूक माझीच असेल, दार उघडं राहायचं. आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं.
नवीन बाई कपाटातून नववीच्या वह्या काढून दुसऱ्यांच्या टेबलावर ठेवत होत्या.
मी त्यांच्या भल्याचंच सांगितलं होतं. जेवण गेलं नाही. हिने विचारलं, काय झालं. म्हटलं, ताप. हिने कपाळाला हात लावून बघितला.

२४ ऑक्टोबर, बुधवार
सक्तीची म्हणून गेलो. गोलात एकही माणूस नाही. गणितवाले दातांच्या डॉक्टरकडे. विज्ञानवाल्या बाईंकडे पाहुणे. नवीन बाई घंटा होताच निघून गेल्या. फक्त लायब्ररीवाल्या बाई, आणि हजेरीचा कोरा कागद.
मी बसलो. त्या म्हणाल्या, 'तुम्ही केबिनमध्ये गेला होतात ते मोठ्या बाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं.'
मी म्हटलं, बाकीच्यांना?
'नाही सांगितलं. इथलं इथंच.'
मग म्हणाल्या, नववी परत मिळावी म्हणून मी उद्या मोठ्या बाईंशी बोलणार आहे. नवीन बाईंच्या वर्गात मी बसलेय, काय सुधारलं ते मी बघितलंय. पण लायब्रेरियनचं कितपत ऐकतील कोण जाणे, तुम्ही याल का बरोबर? मी म्हटलं, येतो. मग काय सांगायचं ते ठरवत दोघं बसलो. मी जे बोललो होतो ते कुठून कसं मागे घ्यायचं, ते त्यांनीच सुचवलं. न रागावता.
घरी चालत आलो. वाटेत विचार केला, मला सांभाळून घेण्यात यांचा डाव काय असेल. सगळ्या बाजूंनी विचार केला. सापडला नाही.